हिवाळ्यात गीझर, रॉड आणि शॉक : एमसीबी असूनही धोका का राहतो?

नाशिक, निफाड, मालेगाव, जळगाव, परभणी या भागांत डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहा अंशांच्याही खाली जातो. फजरच्या वुजूला गार पाणी हाताला लागलं की अंगावर काटा येतो. मग माळ्यावर टाकलेला रॉड खाली येतो, वर्षभर बंद असलेला गीझर सुरू होतो आणि सकाळच्या एका तासात घरातल्या सगळ्यांना गरम पाणी हवं असतं. याच दिवसांत वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी दिसते : पाणी तापवताना शॉक लागून मृत्यू. कधी ती गृहिणी असते, कधी शाळेला निघालेलं मूल. शॉक का लागला आणि तो कशाने टळला असता, हे मात्र त्या बातमीत नसतं. ते आपण इथे समजून घेऊ.

दहावीच्या विज्ञानात 'विद्युतधारेचे परिणाम' हा पाठ शिकवताना आम्ही मुलांना विचारतो, "तुमच्या घरी शॉकपासून वाचवणारं काय आहे?" जवळजवळ सगळा वर्ग एका सुरात सांगतो, "सर, एमसीबी आहे!" मुलांचं सोडा, पालकसभेत विचारलं तरी हेच उत्तर येतं. घर बांधताना वायरमननेही तेच सांगितलेलं असतं : "एमसीबी बसवलंय, आता बिनधास्त राहा."

खरं म्हणजे एमसीबी माणसाला वाचवायला केलेलंच नाही. ते वायरला वाचवतं. वायरमधून तिच्या ताकदीपेक्षा जास्त करंट गेला तर ती तापेल, जळेल, म्हणून एमसीबी खाली पडतं. गीझरच्या लाइनवर साधारणपणे १६ अँपिअरचं एमसीबी असतं. म्हणजे १६ अँपिअरपर्यंत ते निवांत बसून राहतं. आता माणसाचा हिशेब पाहा. घरातला दाब २३० व्होल्ट. ओल्या अंगाने, ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसाच्या शरीराचा रोध साधारण १००० ओहम धरला, तर शरीरातून ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलीअँपिअर करंट जाईल. दहा-पंधरा मिलीअँपिअरलाच हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सुटत नाही. त्याच्या कितीतरी वर गेलं की हृदयाचा ताल बिघडतो. माणूस जिवाला मुकतो आणि १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. त्याच्या दृष्टीने एखादा छोटा दिवा लागला, एवढंच.

माणसाला वाचवतात त्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक अर्थिंग आणि दुसरं आरसीसीबी, ज्याला आपल्याकडे अजूनही बरेच वायरमन ईएलसीबी म्हणतात.

अर्थिंगचं काम असं. गीझरच्या पत्र्याला किंवा रॉडच्या धातूच्या नळीला आतून कुठेतरी फेजचा स्पर्श झाला, तर तो करंट हिरव्या वायरमधून थेट जमिनीत जावा. रस्ता मोकळा असला की करंट एकदम प्रचंड वाढतो आणि मग एमसीबी पडतं. म्हणजे अर्थिंग धड असेल तरच एमसीबी या कामाला येतं. अर्थिंग नसेल तर पत्रा गुपचूप जिवंत राहतो आणि पहिला हात लागायची वाट बघतो. थ्री पिन प्लगची वरची पिन जाड आणि लांब असते ती याचसाठी. प्लग लावताना ती सगळ्यात आधी जोडली जावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी.

आता आपल्या वस्त्यांमधली खरी परिस्थिती पाहू. बोर्डावर थ्री पिनचं सॉकेट असतं, पण मागे हिरवी वायर असेलच असं नाही. चाळीतल्या जुन्या खोल्या, भिवंडी-मालेगावच्या कारखान्यांलगतची भाड्याची घरं, वडिलोपार्जित घरावर नंतर चढवलेले मजले, अशा ठिकाणी वरच्या छिद्राला काहीच जोडलेलं नसतं. त्याहून वाईट म्हणजे काही जण तिथे न्यूट्रलचीच एक वायर ओढून जोडतात आणि "झालं अर्थिंग" म्हणतात. हे फार धोक्याचं आहे. कुठेही न्यूट्रल तुटला किंवा सैल झाला की गीझरच्या पत्र्यावर सरळ फेज येतो. बाहेरून बघणाऱ्याला सगळं ठीक दिसतं.

जिथे अर्थिंगचा खड्डा आहे तिथे त्याची आठवण कुणाला नसते. पूर्वीच्या पद्धतीत खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालायचे, कारण जमिनीत ओल टिकली तरच करंट नीट जमिनीत उतरतो. पावसाळ्यात खड्डा आपोआप ओला असतो. डिसेंबरपासून जमीन सुकू लागते, म्हणजे गरज असते नेमकी त्याच दिवसांत अर्थिंग कमजोर पडतं. खड्ड्यात आठवड्यातून एक-दोन बादल्या पाणी ओतायचं काम घरातल्या एखाद्या मुलाकडे सोपवून द्यावं. आणखी एक बदल लक्षात घेण्यासारखा आहे. पूर्वी नळाचे पाइप लोखंडी असायचे, ते जमिनीत गेलेले असल्याने थोडाफार आधार मिळायचा. आता सगळीकडे प्लॅस्टिकचे पाइप आहेत. तो आधार गेला.

अर्थिंग आहे की नाही हे ओळखायचं कसं? वायरमनला घरी बोलवा आणि त्याला फेज व अर्थ यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प लावायला सांगा. बल्ब फेज-न्यूट्रलवर लागतो तितकाच लख्ख लागला तर ठीक. मंद लागला किंवा लागलाच नाही तर अर्थिंग नावापुरतं आहे. घरात आरसीसीबी असेल तर ही चाचणी करताना ते पडेल, आणि ती चांगली खूण आहे. हे काम स्वतः करू नये.

आता आरसीसीबी. याचं तत्त्व इतकं साधं आहे की सातवीतल्या मुलालाही कळतं. फेजमधून जितका करंट जातो तितकाच न्यूट्रलमधून परत यायला हवा. कमी आला, तर मधला करंट कुठेतरी गळतोय, कदाचित कुणाच्या तरी अंगातून. घरगुती आरसीसीबी ३० मिलीअँपिअरचा फरक पडला की डोळ्याची पापणी लवायच्या आत लाइन तोडतं. ३० मिलीअँपिअर आणि १६ अँपिअर यांत पाचशे पटींहून जास्त फरक आहे. एमसीबी आणि आरसीसीबी यांतला भेद या एका आकड्यात आला. अर्थिंग नसलेल्या घरातही आरसीसीबी काम करतं, म्हणून जुन्या घरात सगळ्यात आधी तेच बसवावं असं आमचं मत आहे. खरेदी करताना त्यावर ३० एमए लिहिलंय का ते पाहा. १०० किंवा ३०० एमएचेही मिळतात, पण ते माणसासाठी नाहीत, आगीपासून बचावासाठी आहेत. बसवण्याचा खर्च फिटिंगसह काही हजारांत होतो. शादीच्या घरात लायटिंगवर याहून जास्त जातात, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

आरसीसीबीवर एक छोटं बटण असतं, त्यावर टी किंवा टेस्ट लिहिलेलं असतं. महिन्यातून एकदा ते दाबायचं. खटकन पडलं तर ते जिवंत आहे. नाही पडलं तर बदला. आता एक तक्रार नेहमीची : "सर, ते सारखं पडतं, म्हणून वायरमनने काढून टाकलं." सारखं पडत असेल तर ते ओरडून सांगतंय की घरात कुठेतरी गळती आहे. गीझरची कॉइल फुटलेली असेल, भिंतीत ओल असेल, नाहीतर कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ एकत्र झाले असतील. एकेक उपकरण काढून पाहिलं की चोर सापडतो. चोर शोधायचा सोडून चौकीदारालाच घरी पाठवायचं, याला काय म्हणावं!

रॉडबद्दल थोडं सविस्तर बोलू, कारण आपल्या घरांत गीझरपेक्षा रॉडच जास्त आहेत. रॉडच्या तांब्याच्या किंवा स्टीलच्या नळीत कॉइल असते आणि नळी व कॉइल यांच्यामध्ये पांढरी पूड ठासून भरलेली असते. ही पूड उष्णता जाऊ देते, वीज जाऊ देत नाही. बोअरच्या जड पाण्याने नळीवर क्षारांचा पांढरा थर बसतो. थराखाली नळी जास्त तापते, हळूहळू तडकते, पाणी आत शिरतं आणि बादलीतल्या पाण्यात फेज उतरतो. रॉड तरीही पाणी तापवतच राहतो! म्हणून "चालू आहे ना, मग चांगलाच आहे" हा हिशेब इथे लागू होत नाही.

दुसरा गैरसमज बादलीचा. प्लॅस्टिकच्या बादलीत रॉड टाकला की शॉक लागत नाही, असं अनेक अम्मी-खाला ठामपणे सांगतात. बादलीला हात लावला तर कदाचित लागणार नाही. पण आपण हात लावतो पाण्याला, पाणी तापलं का ते बघायला, आणि पाय असतात ओल्या फरशीवर. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या बादलीत तर बादलीच जिवंत होते.

त्यामुळे क्रम पक्का ठेवावा. आधी रॉड पाण्यात, नळीवरच्या खुणेपर्यंत बुडालेला, मग प्लग, मग बटण. काढताना आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, एक-दोन मिनिटं थांबून मग रॉड. पाण्याबाहेर चालू राहिलेला रॉड काही क्षणांत लाल होतो आणि तडकतो. बटण बंद केल्यावरही प्लग काढायला सांगतो, त्याला कारण आहे. बटण फक्त एकच वायर तोडतं. बोर्डात फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असतील, तर बटण बंद असूनही रॉडपर्यंत फेज पोचलेला असतो. पहाटे अंधारात, झोपेत, घाईत हा क्रम चुकतो. म्हणून रॉड लावायचं काम मुलांवर सोपवू नये, आणि रॉड लावलेली बादली मोरीत न ठेवता कोरड्या जागी, लहानग्यांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. आयएसआयची खूण नसलेला, रस्त्यावरच्या ढिगातला स्वस्त रॉड घेऊच नये. प्लग तुटला म्हणून उघड्या वायरी काडेपेटीच्या काड्यांनी सॉकेटात खोचणारे महाभागही आहेत. त्यांना काय सांगणार.

किती वेळ लावायचा, याचाही अंदाज असावा. पंधरा लिटरची बादली, पाणी १८ अंशांवर, आपल्याला हवं चाळीसच्या आसपास. १५०० वॅटच्या रॉडला साधारण पंधरा-सोळा मिनिटं लागतात आणि अर्ध्या युनिटाहून कमी वीज जाते. तेवढ्या वेळाचा मोबाइलवर अलार्म लावला की रॉड विसरला जात नाही.

गीझरची गोष्ट थोडी वेगळी. मोसमात पहिल्यांदा सुरू करताना गरम पाण्याचा नळ सोडा, सलग धार आली म्हणजे टाकी भरली, मग बटण दाबा. रिकाम्या टाकीत कॉइल जळते. थर्मोस्टॅट ५५-६० अंशांवर पुरे. टाकीच्या व्हॉल्व्हमधून अधूनमधून थेंब गळतात म्हणून तो बंद करू नका, आतला दाब बाहेर पडायची ती जागा आहे. जड पाण्याच्या गावात दर वर्षी-दोन वर्षांनी कॉइल काढून साफ करून घ्यावी. आणि गुस्लला आत जाण्यापूर्वी गीझर बंद करावा. टाकीतलं पाणी लगेच गार होत नाही.

जाता जाता गॅस गीझरबद्दल. तो विजेचा विषय नाही, पण बंद बाथरूममध्ये त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला वास नसतो आणि माणूस न कळत बेशुद्ध पडतो. गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत असावा.

आता जळण्याच्या घटनांकडे येऊ. शॉकचं कारण गळती, तर आगीचं कारण भार आणि सैल जोड. २००० वॅटचा गीझर साधारण पावणेनऊ अँपिअर घेतो, १५०० वॅटचा रॉड साडेसहा, १००० वॅटची इस्त्री सव्वाचार. शाळेच्या वेळेला तिन्ही एकदम चालू असतील तर बेरीज वीस अँपिअरच्या आसपास जाते. जुन्या घरातली वायर दिवे आणि पंख्यांच्या हिशेबाने, एक-दीड चौरस मिलिमीटरची टाकलेली असते. गीझरला अडीच किंवा चार चौरस मिलिमीटरची, थेट बोर्डापासून आलेली स्वतंत्र वायर हवी आणि सॉकेट १६ अँपिअरचं हवं. ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटात कन्व्हर्टर खोचून गीझर लावला की काय होतं ते सॉकेटच सांगतं. पांढरं प्लॅस्टिक आधी पिवळं, मग तपकिरी होतं, आणि मासळी करपल्यासारखा वास येतो. तो वास आला की लगेच मेन बंद करून वायरमनला बोलवा.

सैल जोड किती तापतो? समजा सॉकेटच्या पकडीत फक्त ०.२ ओहमचा रोध तयार झाला. नऊ अँपिअरला त्या टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेवर सोळा वॅट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याची छोटी सोल्डरिंग २५ वॅटची असते, यावरून कल्पना करा. गंमत म्हणजे इथेही एमसीबी पडत नाही, कारण करंट नऊच अँपिअर आहे. म्हणून गीझर पंधरा मिनिटं चालवून, बंद करून, प्लग काढून त्याच्या पिनांजवळ हात न्यावा. कोमट ठीक, चटका बसला तर सॉकेट बदला. गुंडाळी केलेल्या एक्स्टेंशन बोर्डावर रॉड किंवा हीटर कधीच लावू नये, गुंडाळीच्या आतली उष्णता बाहेर पडत नाही. ज्या घरांत अजून किटकॅट फ्यूज आहेत तिथे फ्यूज वारंवार उडतो म्हणून जाड तांब्याची तार घालतात. मग फ्यूज उडत नाही, भिंतीतली वायर जळते. एकदा वीजबिलावरचा 'मंजूर भार'ही पाहून घ्या. तो एक किलोवॅट असेल आणि घरात दोन किलोवॅटचा गीझर असेल, तर भार वाढवून घेण्यासाठी अर्ज करायला हवा.

गावाकडच्या वाचकांसाठी व्होल्टेजचा मुद्दा महत्त्वाचा आहे. रब्बीच्या गव्हा-कांद्याला पाणी द्यायचे हेच दिवस, शेतीपंप चालू असले की दाब पडतो. १८० व्होल्टवर २००० वॅटचा गीझर जेमतेम १२२५ वॅटचं काम करतो. पाणी उशिरा तापतं, एवढंच. गीझर बिघडलेला नसतो. मोटरचं मात्र उलटं होतं. कमी दाबात ती जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग जळतं. दिवे मंद दिसत असताना बोअरची मोटर चालू करू नये.

बाळंतिणीच्या खोलीत हीटर लावण्याची पद्धत अनेक घरांत आहे. हीटर पलंगापासून, पडद्यापासून, मच्छरदाणीपासून किमान तीन फूट लांब हवा. त्यावर लंगोट वाळत घालू नयेत. खोली तापली की हीटर बंद करावा, रात्रभर चालू ठेवून झोपू नये.

मशिदींच्या जिम्मेदार मंडळींनाही एक विनंती आहे. वुजूखान्यात शेकडो लोक अनवाणी, ओल्या पायांनी येतात आणि नळाला हात लावतात. घरात एका कुटुंबाला जो धोका, तो इथे पूर्ण मोहल्ल्याला. मदरशांच्या वसतिगृहात तर लहान मुलं स्वतः गीझर चालू-बंद करतात. कमिटीच्या पुढच्या बैठकीत लायसन्सवाल्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घेण्याचा आणि वुजूखान्याच्या लाइनवर ३० एमएचं आरसीसीबी बसवण्याचा विषय घ्यावा. टेस्ट बटण दाबायला जुम्याचा दिवस ठरवून ठेवला तर विसर पडणार नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनीही मालकाकडे हे मागावं. मालक तयार नसेल तर निदान गीझरच्या लाइनपुरतं आरसीसीबी स्वतः बसवून घ्यावं, घर सोडताना ते काढून नेता येतं.

आणि कुणाला शॉक लागलाच तर? पहिली उडी माणसाकडे नाही, मेन स्विचकडे. चिकटलेल्या माणसाला हात लावणारा दुसराही चिकटतो. मेन लांब असेल तर कोरड्या जागी, पायात रबरी चप्पल घालून, कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीने त्याला वायरपासून दूर ढकला. ओला टॉवेल, ओली काठी, लोखंडी दांडा नको. बाहेर काढल्यावर श्वास पाहा. श्वास नसेल तर १०८ ला फोन लावून लगेच छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी जोरात, मिनिटाला शंभर-एकशेवीसच्या गतीने दाब द्यायला सुरुवात करा आणि मदत येईपर्यंत थांबू नका. बोर्डाला आग लागली असेल तर मेन बंद करा, कोरडी वाळू किंवा माती टाका, पाणी ओतू नका. शॉक लागलेला माणूस उठून बसला, बोलू लागला, चहाही प्यायला, तरी त्याला दवाखान्यात नेऊन ईसीजी काढून घ्यावा. हृदयाच्या तालात बिघाड झालेला असू शकतो आणि तो बाहेरून दिसत नाही.